पुढचा लेआउट आखण्याआधी एकदा शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून चालून या

प्रति,
बेळगाव नगरविकास प्राधिकरण म्हणजे आमच्या बोलण्यातल्या बुडाचे अध्यक्ष, आयुक्त आणि सदस्य,
महानगरपालिकेचे महापौर आणि ५८ वॉर्डांचे नगरसेवक,
आणि जिल्ह्याचे पालकमंत्री यांना,

सप्रेम नमस्कार.

साहेब, थेट मुद्द्यावर येतो. बेळगावच्या भोवती पुढचा जो कुठला नवीन लेआउट, म्हणजे साइट्स पाडून केलेली वस्ती, तुम्ही मंजूर कराल किंवा स्वतः आखाल तो नुसता राहण्याच्या साइट्सचा नको. त्यात घरं असू देत, ऑफिसं असू देत, छोटे गाळे आणि वर्कशॉप असू देत, अंगणवाडी, दवाखाना, भाजी, पिठाची गिरणी, रेशन दुकान, बसस्टॉप हे सगळं पायी जाता येईल एवढ्यात असू दे, आणि माणसं राहायला यायच्या आधी ते उभं असू दे. मागणं एवढंच आहे पण त्याच्या मागं बरंच काही आहे म्हणून पत्र लांब झालंय, शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी वडगावचा. घरची थोडी भातशेती येळ्ळूरच्या बाजूला आणि पोटापाण्याची नोकरी उद्यमबागेच्या कारखान्यांत. म्हणजे जमीन जायची भीती असलेला, रोज कामाला लांब जाणारा आणि पोरांसाठी घर शोधणारा असे तिघेही आमच्या एकाच घरात जेवायला बसतात, त्यामुळं हा विषय मला बातमीसारखा लांबून वाचता येत नाही.

आता सध्या लेआउट म्हणजे काय होतंय ते बघा. शेतात मुरुमाचे रस्ते पडतात, मग डांबर, मग विजेचे खांब, मग थर्टी-फॉर्टीचे दगड रोवतात आणि रस्त्यावर मोठा बोर्ड लागतो, एनए झालेलं, बँक लोन मिळेल, सर्कलपासून पाच मिनिटं. साइट घेणारे निम्मे लोक घर बांधायला घेतच नाहीत, भाव वाढेल म्हणून ठेवून देतात. जे बांधतात ते दोन-चार घरं अंधारात एकटी. बागेची म्हणून सोडलेली जागा आणि सीए साइट म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा गवतात बुडालेली असते, तिथं शाळा कधी येणार दवाखाना कधी येणार हे कुणीच सांगू शकत नाही. मग होतं असं की कोथिंबिरीची जुडी आणायला गाडी काढावी लागते, पोराला शाळेत सोडायला गाडी, आईला बीपीची गोळी आणायला गाडी, नोकरीला गाडी. एका घरात तीन-तीन दुचाक्या होतात आणि त्या सगळ्या सकाळी साडेनऊला गोवावेस, आरपीडी, तिसरं रेल्वे गेट इथं येऊन एकमेकांसमोर उभ्या राहतात. नंतर आपण उड्डाणपूल बांधतो. उड्डाणपूल लागतातच, गेटात तास तास घालवलेल्या माणसाला ते कोण सांगणार, पण रोज एवढ्या माणसांना एवढ्या लांब जायला लागू नये याची सोय नकाशातच करता येते, ती करायची राहून जाते.

जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या २० स्मार्ट सिटींच्या यादीत बेळगावचं नाव आलं तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला होता, आजही वाटतो. रस्ते झाले, दिवे लागले, बागा झाल्या. पण ते काम जास्त करून असलेल्या शहराला नीट करण्याचं होतं. नवीन वस्ती मुळापासून कशी असावी हा प्रश्न तसाच बाजूला राहिला, आणि शहर तर वाढतच चाललंय. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ९० हजारांच्या घरात होती, आता किती असेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त.

घर आणि काम एका ठिकाणी असलेली वस्ती ही काय परदेशातून आणायची गोष्ट नाही साहेब, म्हणून मी वर शीर्षकात गल्ल्यांतून चालून या म्हटलंय. शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगावला लागून असलेली वेगळी बाजारपेठ. शहापुरी साडी इथली. अजूनही शहापूर, वडगाव, खासबागच्या कितीतरी घरांत पुढच्या खोलीत माणसं राहतात आणि मागच्या सोप्यात माग चालतो, पूर्वी हातमाग होता आता यंत्रमाग. घरातली बाई स्वयंपाक आटपून कांड्या भरायला बसते, पोरगं शाळेतून आलं की त्याच्यावर तिचं लक्ष असतं, सूत देणारा व्यापारी दोन गल्ल्या पलीकडे, सराफ कोपऱ्यावर, देऊळ, शाळा, भाजी सगळं चालत. मंगाईच्या यात्रेला जी गर्दी लोटते ती सोडा, पण रोजच्या दिवशी सुद्धा त्या गल्लीत संध्याकाळी कोण ना कोण बसलेलं असतंच, म्हणून रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या पोरीला तिथं भीती वाटत नाही. नवीन लेआउटच्या रुंद रस्त्यावर तीच पोरगी घरी फोन करून भावाला बोलावते.

त्या गल्ल्यांत त्रास नाही असं मी म्हणत नाही. मागाचा आवाज दिवसभर, गटारं तुंबलेली, भिंतींना ओल, आग लागली तर बंब आत शिरणार नाही. कुणीही सुशिक्षित पोरगा म्हणेल मला असल्या घरात राहायचं नाही आणि त्याचं बरोबरच आहे. मला त्या गल्लीची घरं नकोत, तिची रचना पाहिजे. खाली काम, वर घर, दारासमोर चालायला जागा, दहा मिनिटांत सगळं. त्याला आजचं ड्रेनेज, आजची हवा-उजेड, आजची लिफ्ट द्या.

कामाचं जरा सविस्तर सांगतो कारण नकाशात सगळ्यात आधी तेच विसरलं जातं. आपल्याकडे उद्यमबाग आहे, फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिक्सचं सामान बनवण्यात बेळगावचं नाव आहे. आता फाउंड्री कोणी घराशेजारी बांधा म्हणणार नाही, धूर, धूळ, रात्रीचा आवाज, ती लांबच बरी. पण त्याच फाउंड्रीच्या आजूबाजूची निम्मी कामं आवाज न करणारी आहेत. ड्रॉइंग करणारा, सीएनसीचं प्रोग्रॅमिंग करणारा, कोटेशन आणि जीएसटी बघणारा, गेज तपासणारा, पॅकिंग करणारा. शिवण-फॉल-पिकोवाल्या बायका, टॅलीवाले, क्लासेसवाले, छोटी सॉफ्टवेअर कंपनी. यांना चारशे-पाचशे चौरस फुटांची जागा पुरते, वीज चांगली पाहिजे आणि नेट चांगलं पाहिजे, बस्स. ही कामं घरांच्या खालच्या मजल्यावर, मुख्य रस्त्याच्या कडेला कायद्यानं बसवता आली पाहिजेत. आज ते लोक राहत्या घरात लपूनछपून करतात आणि नोटीस आली की घाबरतात.

राज्य सरकार बियाँड बेंगळुरू, म्हणजे बेंगळुरूच्या बाहेरही उद्योग न्यायचे, म्हणतंय, त्यात हुबळी-धारवाड-बेळगाव असा पट्टा धरलाय, हे चांगलं आहे. आमची पोरं व्हीटीयू म्हणजे इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाची डिग्री घेऊन पुण्याला आणि बेंगळुरूला जातात. वंदे भारत आली, सप्टेंबर २०२४ ला पुणे-हुबळी आणि ऑगस्ट २०२५ ला बेंगळुरू-बेळगाव, त्यामुळं सणाला घरी येणं सोपं झालं. पण मला विचाराल तर त्यातल्या काही पोरांना तरी यायला-जायला लागूच नये असं वाटतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी जण घरी येऊन इथूनच काम करत होते ना, आईच्या हातचं खात होते, संध्याकाळी शेतावर चक्कर मारत होते. त्यांना एक बसायची नीट जागा, चार सहकारी आणि न तुटणारं नेट एवढं मिळालं असतं तर सगळेच परत गेले नसते. म्हणून नवीन वस्तीत एखादी इमारत फक्त अशा छोट्या ऑफिसांना भाड्यानं द्यायची ठेवा, आणि विकू नका. एकदा विकली की तिथं कोचिंग क्लास नाहीतर मंगल कार्यालय होतं.

आता जमीन. इथं माझा जीव अडकलाय, तेव्हा शब्द थोडे कडक वाटले तर समजून घ्या.

येळ्ळूर, धामणे, वडगाव, शहापूर, अनगोळ, माधवपूर, हलगा या शिवारातली काळी जमीन भाताची आहे. इथल्या बासमतीचा आणि इंद्रायणीचा वास गोवा-कोल्हापूरपर्यंत लोकांना माहीत आहे. पावसाळ्यात भात आणि त्याच ओलीवर नंतर मसूर, वाटाणा, हरभरा. आणि याच शिवारातून बळ्ळारी नाला जातो. शहराचं पावसाचं पाणी, सांडपाणी, जलपर्णी, सगळं घेऊन. दरवर्षी जुलैत तो पात्र सोडतो आणि लावलेलं भात पाण्याखाली जातं, दुबार लावणी करावी लागते, कधी तीही जाते. ऑगस्ट २०१९ ला तर शहरातल्या घरांत पाणी शिरलं, भिंती पडल्या, सगळ्या जिल्ह्यानं ते भोगलं.

अशा सखल जागेत भराव टाकून लेआउट केला की तेवढी साइट कोरडी राहते हो, पण ते पाणी जातं कुठं? शेजारच्या बांधावर. एका शेतात पाच फूट माती टाकली की चार शेतं तलाव होतात. ज्यानं विकलं तो सुटला, ज्याला विकायचं नव्हतं त्याचं पीक बुडालं, मग दोन वर्षांनी तोही वैतागून विकतो. हे असं ओढ्याच्या कडेकडेनं सरकत चाललंय आणि ह्याला कुठं अर्ज करायचा ते शेतकऱ्याला कळत नाही. हलगा-मच्छे बायपासला आमच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं का विरोध केला, कोर्टाच्या पायऱ्या का चढले, उभ्या पिकात जेसीबी बघून बायका आडव्या का पडल्या, ते पैशासाठी नव्हतं. रिंगरोडच्या गावांत पण तीच भीती आहे.

म्हणून माझी हात जोडून विनंती, पुराचं पाणी जिथं पसरतं तेवढा पट्टा आधी नकाशावर निळा करा, भाताची पिकाऊ जमीन हिरवी करा, आणि त्या दोन्हीला हात लावू नका. मग उरतं ते बघा. उंच, मुरमाड, खडकाळ माळ. शहराच्या आतली पडून असलेली जागा. आधीच एनए होऊन वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या साइट्स, ज्यांना रस्ता आहे, वीज आहे, फक्त माणूस नाही. अशा अर्धवट लेआउटमध्ये काम, दुकानं, शाळा घातली तर ती वस्ती आपोआप भरेल आणि एक गुंठा शेत न घेता नवीन वस्ती मिळेल. नवीन जमीन घेण्याआधी हा प्रयोग तरी करून बघा. जर्मनीत फ्रायबुर्ग शहरानं वॉबान नावाची वस्ती केली ती लष्कराच्या जुन्या रिकाम्या बराकींच्या जागेवरच, शेत घेऊन नाही. तिथं गाड्या कडेच्या मोठ्या पार्किंगमध्ये ठेवतात, आतल्या रस्त्यावर पोरं खेळतात, ट्राम वस्तीच्या मधून जाते आणि पाच हजारांवर माणसं राहतात. त्यांचं हवामान वेगळं, पैसा वेगळा, पण जागा निवडण्याची अक्कल घेण्यासारखी आहे.

आणि जिथं शेतकऱ्याची जमीन घ्यावीच लागेल तिथं त्याला भागीदार करा. याचं उदाहरण आपल्याला अगदी जवळ आहे, पुण्याजवळ हडपसरला मगरपट्टा. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, सतीश मगर यांनी पुढाकार घेतला, आणि बिल्डरला विकण्याऐवजी स्वतःचीच कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. २००० सालाच्या सुमारास काम सुरू झालं. त्यात घरं पण आहेत, आयटीची ऑफिसं पण आहेत, शाळा, दवाखाना, बाग, बाजार आहे. ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत, इमारतींवर सोलरचं गरम पाणी, पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं हे सगळं त्यांनी सुरुवातीलाच धरलं. शेतकऱ्यांच्या पोरांनी तिथलीच कंत्राटं घेतली, आणि ऑफिसांचं भाडं येत राहतं म्हणजे जमीन गेली तरी उत्पन्न गेलं नाही. आमच्याकडे काय होतं माहीत आहे ना? एकरकमी पैसे येतात, घरावर स्लॅब पडतो, दारात गाडी येते, एक थाटाचं लग्न होतं, आणि पाच-सहा वर्षांनी तोच माणूस स्वतःच्या शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगचा वॉचमन असतो. हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही, माझ्या डोळ्यासमोरची भली माणसं आहेत ती.

मगरपट्ट्यात सगळं छान आहे असंही नाही. तिथं फाटक आहे, सिक्युरिटी आहे, आणि तिथं काम करणाऱ्या बाईला तिथं घर परवडत नाही. ते आपण घ्यायचं नाही. पण मालकीची पद्धत घ्यायची. आपल्याकडे नगरविकास प्राधिकरणांच्या योजनांत विकसित साइट्स शेतकऱ्याला निम्म्या देण्याची पन्नास-पन्नासची पद्धत आहेच, ती चांगलीच आहे, पण साइट मिळाली की तो ती विकून मोकळा होतो. त्याच्या वाट्याचा थोडा भाग भाड्याच्या गाळ्यांत आणि ऑफिसांत द्या, म्हणजे दर महिन्याला त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या दोघांच्या नावावर पैसे येतील. बायकोच्या नावावर हे मुद्दाम लिहिलंय.

पाण्याचं बोलूया. आपल्याकडे वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हजार चौरस फुटांचं छत धरलं तर वर्षाला लाखाच्या आसपास लिटर पाणी नुसत्या छतावरून येतं. पाच माणसांच्या घराला रोजचे सहाशे-सातशे लिटर धरले तर हे साधारण पाच महिन्यांचं पाणी झालं. ते सगळं टाकीत साठवता येणार नाही, कबूल, पण विहिरीत मुरवता येतं. आणि बेळगाव तर विहिरींचं गाव. १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेस अधिवेशन भरलं तेव्हा पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे, आणि नव्वदच्या दशकात टंचाई आली तेव्हा शहरानं जुन्या विहिरी उपसून परत वापरात आणल्या होत्या. म्हणजे हे आपण एकदा करून दाखवलेलं काम आहे. नवीन वस्तीत दर गल्लीला एक सामायिक विहीर आणि तिच्याकडे वळवलेली छतांची पाइप, हे नकाशातच काढा. राकसकोपचा तलाव भरला का आणि हिडकल धरणाचं पाणी आलं का यावर एवढं मोठं शहर किती दिवस बसून राहणार. चोवीस तास पाण्याचा प्रयोग पण २००८ च्या सुमारास आपल्या काही वॉर्डांत यशस्वी झाला होता, मीटर लावून, गळती काढून. नवीन वस्तीची पाइपलाइन पहिल्या दिवसापासून तशीच घाला, नंतर रस्ते फोडू नका.

सांडपाण्याचं एकच. वस्तीचं पाणी वस्तीतच शुद्ध झालं पाहिजे आणि बागेला, फ्लशला, बांधकामाला वापरलं गेलं पाहिजे. बळ्ळारी नाल्यात एक थेंब नवीन घाण नको. ही अट पूर्ण झाल्याशिवाय एकाही घराला राहण्याचा परवाना नको. कचऱ्याचं पण तेच, ओला कचरा तिथंच जिरवा, जिथं आपला कचरा जातो त्या तुरमुरीच्या लोकांनी आपला वास किती वर्षं सहन करायचा.

फक्त यंत्र निवडताना जपा. लंडनच्या दक्षिणेला बेडझेड नावाची वस्ती २००२ मध्ये झाली, घरं आणि ऑफिसं एकत्र, सूर्याची ऊब घेणारी घरं, जगभर फोटो छापून आले. त्यात लाकडाच्या चिपांवर वीज आणि गरम पाणी करणारा एक प्लांट होता, तो सारखा बिघडायचा आणि थोड्याच वर्षांत बंद करावा लागला. घरांची बांधणी चांगली होती ती टिकली, अवघड मशीन गेलं. आपण यातून एवढं घ्यावं की जे यंत्र उद्यमबागेतला फिटर उघडून दुरुस्त करू शकतो तेच बसवायचं. सोलर हीटर, साधे पंप, गाळण्याची टाकी, गांडूळ खताचे हौद. स्पेअर पार्ट बाहेरून यायला तीन महिने लागणार असतील तर ते मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि देखभालीचं काम इथल्याच आयटीआयच्या पोरांना द्या, कितीतरी पोरं सर्टिफिकेट घेऊन घरी बसलीत.

बस. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली आणि सीबीटी बसस्थानकावर जाऊन बघा काय फरक पडलाय तो. ज्या बायका रिक्षाच्या पैशाचा विचार करून घरी बसायच्या त्या आता कामाला जायला लागल्या, माहेरी जायला लागल्या, दवाखान्यात जायला लागल्या. पण बस फुकट असून उपयोग काय जर स्टॉप दीड किलोमीटर लांब आणि वाटेत दिवा नाही. लेआउट मंजूर करतानाच परिवहनच्या अधिकाऱ्याला टेबलावर बसवा. कुठल्याही घरापासून पाच मिनिटांत स्टॉप, स्टॉपला सावली आणि बाक, फुटपाथ असा की आजी काठी टेकत जाऊ शकेल, मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि डीपी नको. झाडं लावताना शोभेची पामची झाडं नकोत, कँपात आणि व्हॅक्सिन डेपोत जी सावली आहे ती बघून या, वड, जांभूळ, आंबा, करंज लावा. बेळगावात पूर्वी पंखा लागत नव्हता म्हणतात आमचे म्हातारे, आता एसीची दुकानं निघालीत.

कुणासाठी वस्ती, हेही लिहून ठेवा. फ्लॅट घेणारा इंजिनीअर आला पाहिजे, तसाच यंत्रमागावर बसणारा, फाउंड्रीत मोल्डिंग करणारा, धुणंभांडी करणारी, भाजीवाली हे पण तिथंच राहिले पाहिजेत, एका कोपऱ्यात वेगळ्या बिल्डिंगीत टाकून नाही. छोटी भाड्याची घरं ठेवा. आपल्याकडे घर म्हटलं की मालकीचंच डोक्यात येतं पण नवीन नोकरी लागलेल्या पोरग्याला आणि खानापूर-बैलहोंगलहून शिकायला आलेल्या पोरीला भाड्याचीच खोली लागते. अंगणवाडी आणि शाळा मराठीची पण आणि कन्नडची पण, एकाच मैदानाला लागून असल्या तर फारच चांगलं, पोरं मधल्या सुट्टीत एकत्र खेळतील. गणपतीच्या मांडवाला जागा सोडा, खरंच सांगतो, लेआउटमध्ये कुणीच हा विचार करत नाही आणि मग मंडळ रस्त्यावर मांडव घालतं आणि दरवर्षी भांडण. एक मोकळा चौक सोडला की गणपती, शिवजयंती, राज्योत्सव, उरूस, लग्न, आरोग्य शिबिर, सगळं तिथं होतं.

आणि शेवटचं पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. जमीन ज्याची जाणार त्याला नकाशा वाचता आला पाहिजे. येळ्ळूर, धामणे, कडोली, कंग्राळी, बेळगुंदी या गावांत मराठी बोलणारी आणि मराठीच वाचणारी माणसं आहेत. हरकतीला मुदत असते, आणि नोटीस कुणाकडून तरी वाचून घेईपर्यंत तीच मुदत संपते. घटनेच्या ३५० व्या कलमानं प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय, त्याच हक्कानं हे पत्र मराठीत लिहायलोय. आणि जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत पण काढाव्यात हे केंद्रानं फार पूर्वीच ठरवून दिलंय. कन्नडात काढा, ती राज्याची भाषा आहे आणि आम्ही तिचा मान ठेवतो, आमची पोरं ती शिकतायत. सोबत मराठीत पण काढा. यात कुणाचा पराभव नाही, फक्त म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपलं शेत नकाशावर कुठं आहे ते कळेल.

तेव्हा पुढचा लेआउट ठरवायच्या आधी एवढं करा. गावच्या चावडीत किंवा देवळाच्या सभामंडपात मोठा नकाशा भिंतीला लावा, पुराचा पट्टा आणि भातशेती रंगवून, सर्व्हे नंबर घालून, दोन्ही भाषांत. महिनाभर राहू द्या. मग एक बैठक घ्या, तिला शेतकरी बोलवा, वडगावचे विणकर बोलवा, उद्यमबागेचे कारखानदार आणि त्यांचे कामगार बोलवा, अंगणवाडीच्या ताई बोलवा, परिवहनचा माणूस बोलवा, आणि जीआयटीसारख्या कॉलेजात सिव्हिल शिकणारी पोरं बोलवा, ती मोफत सर्व्हे करून देतील याची मला खात्री आहे. बैठक सकाळी अकराला ऑफिसात ठेवू नका, त्या वेळी आम्ही शेतात नाहीतर मशीनवर असतो. संध्याकाळी सात वाजता ठेवा, पाळी सुटून, जनावरांच्या धारा काढून माणसं येतील, आणि बायकांना पुढच्या रांगेत बसायला जागा ठेवा. लावणीच्या दिवसात आणि सुगीत नको. तारीख पंधरा दिवस आधी सांगा, वडगावातून माणसं आणायचं काम माझ्याकडे लागलं.

आपला विश्वासू,
वडगावचा एक रहिवासी